ब्रेक कोणाचा?

रविवार होता. कोन गावातल्या आमच्या अंगणात धाकट्या भावाची पिकअप लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. मागची दोन्ही चाके काढून भिंतीला टेकवली होती. भाऊ गाडीखाली पाठीवर झोपला होता आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. मला गाडी चालवता येत नाही. पण ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पेडल दाबणारे, दुसरे चाकाजवळचे निपल सैल करणारे. घरात त्या वेळी मीच होते.

"आपा, दाब."

"दाबला."

"धरून ठेव, सोडू नको हां."

खालून सुर्र असा आवाज यायचा, पेडल माझ्या पायाखालून हळूच खाली जायचे, तो निपल घट्ट करायचा आणि मग म्हणायचा, "आता सोड." असे तासभर चालले. शेवटी त्याने विचारले, "आता कडक लागतोय का?"

मी म्हणाले, "लागतोय."

तो बाहेर आला, हात पुसले, चहा मागितला. काम संपले होते. पण माझा तो "लागतोय" मला रात्रभर झोपू देईना. कडक म्हणजे किती कडक, हे मला कुठे माहीत होते? ज्याची परीक्षा करण्याची लायकी माझ्यात नाही, त्याबद्दल मी साक्ष दिली होती. आणि त्या साक्षीवर विसंबून पहाटे तीन वाजता भाऊ गाडी काढणार होता.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. भाऊ उरणच्या करंजा बंदरावरून मासळी उचलतो आणि पुण्याला पोहोचवतो. परतताना भाजीपाला भरून वाशीच्या बाजारात येतो. म्हणजे घाट चढतानाही माल असतो आणि उतरतानाही. मासळीच्या पेट्यांतला बर्फ वितळतो, त्यात मीठ असते, ते पाणी हौद्यातून ठिबकत चॅसिसवर पडते. चॅसिसच्या कडेने पुढून मागे ब्रेकचा लोखंडी पाइप जातो. त्याला जागोजागी क्लिपा असतात. त्या क्लिपांच्या आड ओल साचते आणि पाइप बाहेरून दिसतो तसा आत राहत नाही. कोकणचा पावसाळा, खारा वारा आणि वर हे बर्फाचे पाणी. त्या आठवड्यात पाइपाला एका क्लिपेखाली ओल दिसली. ते पाणी नव्हते, ब्रेक ऑइल होते.

गॅरेजमध्ये का नेली नाही, असे वाचक विचारतील. मीही विचारले होते. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये ब्रेकचेच काम केले होते. मालकाने पैसे घेतले आणि काम तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने केले. आठ दिवसांत गाडी पुन्हा तिथेच. शिवाय गाडी उभी राहिली की फेरी बुडते आणि बँकेचा हप्ता काही फेरी पाहून येत नाही. भाऊ म्हणाला, "त्या पोरापेक्षा मी बरा. निदान गाडी माझी आहे, जीव माझा आहे, मी लक्ष देऊन करीन." त्याचे म्हणणे मला तेव्हा पटले होते. आजही अर्धे पटते.

त्याने पाइप आणला तो तांब्याचा. ओळखीच्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून. तांबे हाताने वळते, लोखंडी पाइप वळत नाही. पाइपाचे तोंड कर्ण्यासारखे पसरवण्याचे हत्यारही त्याच्याकडूनच उसने घेतले. आणि त्याने खरोखर मन लावून काम केले. वळणे सुबक होती. क्लिपा नव्या होत्या. पाहणाऱ्याने शाबासकी द्यावी असे ते काम दिसत होते.

पहाटे अडीचला मी उठले. अम्मी तहज्जुदला उठली होती, तिने विचारले, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." भावाला म्हटले, "आता तू वर बस, मी खाली बघते." तो हसला. पण बसला. इंजिन सुरू करून पेडल जिवाच्या आकांताने दाबून ठेव, मी सांगेपर्यंत सोडू नको, असे सांगून मी टॉर्च घेऊन खाली वाकले. सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरा भाग धरला. एक ते साठ मोजले. चाळिशीच्या आसपास कागदावर एक ठिपका उमटला. मग दुसरा.

फेरी रद्द झाली. मासळी दुसऱ्याच्या गाडीतून गेली. व्यापारी फोनवर नको ते बोलला. भाऊ माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. दोन थेंबांसाठी आपाने रोजी बुडवली, असे त्याला वाटत होते. खरे तर तो चिडला होता तो स्वतःवर, हे मला नंतर कळले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. उर्दू माध्यमातून. पास्कलचा नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर काढत आले आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळ्या दिशांना सारखाच पोहोचतो. एक लहान नळकांडे, एक मोठे नळकांडे, मधे द्रव. मुले आकृती काढतात, नावे लिहितात, गुण मिळवतात. त्या पहाटे पहिल्यांदा मला कळले की ती आकृती म्हणजे एक वचन आहे. पाय जे सांगेल ते चाकापर्यंत जसेच्या तसे पोहोचवीन, असे द्रव म्हणतो. पण अट एकच. मधे कुठे भोक नको आणि मधे कुठे हवा नको. हवा दबते, द्रव दबत नाही. हवा शिरली की पायाचा जोर हवा दाबण्यातच संपतो आणि चाक आपले फिरत राहते.

घाटात आणखी एक गोष्ट घडते. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतेच. ते हवेतली ओल शोषून घेणारे रसायन आहे. डब्यावर डॉट ३ लिहिलेले असेल तर ते कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली आलेली चालते. भरलेली गाडी उतारावर सतत ब्रेक लावत उतरली की चाके तापतात, ती उष्णता द्रवापर्यंत जाते, द्रव उकळतो, वाफ होते. वाफही हवेसारखीच दबते. पेडल जमिनीला टेकते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आणि तांब्याचा पाइप का नको, तेही मी नंतर समजून घेतले. तांबे हादरे खाऊन खाऊन कडक होते आणि एक दिवस तडकते. गाडीच्या ब्रेकला दोन पदरी पोलादी पाइप लागतो आणि त्याचे तोंड दुहेरी दुमडावे लागते. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा पाइपही चालतो, पण ती वेगळी वस्तू. फ्रिजचे तांबे फ्रिजपुरते चांगले. भावाच्या कामात आळस नव्हता, लबाडी नव्हती. कमी होते ते ज्ञान. आणि ज्ञान कमी आहे हे त्याला माहीत नव्हते. मलाही नव्हते.

इथून माझा खरा प्रश्न सुरू होतो. भाऊ म्हणाला होता, "गाडी माझी, जीव माझा." मग मी त्याला अडवले ते कोणत्या हक्काने? बहीण म्हणून? की आणखी कोणाच्या वतीने?

आमचे कोन जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पळस्पे फाट्यापासून जवळ आहे. द्रुतगती मार्गही जवळून जातो. बोरघाट उतरून खोपोली, चौक, शेडुंग करत येणारी वाहने आमच्या दारावरून जातात. कोनमध्ये गिरणी कामगारांसाठी इमारती आहेत. २०१६ साली तिथल्या दोन हजारांहून अधिक घरांची सोडत निघाली होती. ज्यांनी उभे आयुष्य गिरणीत घालवले, त्यांच्या वाट्याला या रस्त्याच्या कडेचे घर आले. दूध आणायला, रिक्षा पकडायला माणसे रस्ता ओलांडतात. शाळेची मुले ओलांडतात. समोरून येणारी गाडी थांबेल, या विश्वासावर. त्या गाडीचा पाइप कोणत्या धातूचा आहे, हे त्यांना कोणी विचारलेले नसते आणि सांगितलेलेही नसते.

ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. ब्रेक एक सेकंद उशिरा लागला तर सतरा मीटर. आमच्या वर्गाच्या लांबीच्या दुपटीहून जास्त. त्या सतरा मीटरमध्ये कोण उभे असेल? भाऊ नसेल. भाऊ गाडीच्या आत असेल.

मग मला वाटले, गाडीतल्या इतर सगळ्या वस्तू मालकाच्या असतील, पण ब्रेक तेवढा त्याचा नसतो. इंजिन बिघडले तर त्याची फेरी बुडते. टप फाटला तर त्याचा माल भिजतो. ब्रेक बिघडला तर समोरच्याचा जीव जातो. ब्रेक ही समोरच्याची वस्तू आहे. ती आपल्या गाडीत अमानत म्हणून ठेवलेली आहे.

आपल्याकडे लहानपणी मदरशात शिकवतात की हक्क दोन प्रकारचे. एक अल्लाहचे हक्क, दुसरे बंद्यांचे हक्क, हुकूकुल इबाद. नमाज चुकली, रोजा चुकला तर तौबा आहे, तो मालिक माफ करणारा आहे. पण बंद्याचा हक्क मारला असेल तर त्या बंद्यानेच माफ करायला हवे. हे वाक्य आपण सगळे ऐकत आलो आहोत. उधारी, जमीन, वारसाहक्क यांच्या संदर्भात ऐकत आलो आहोत. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा हक्क मारला तर माफी कोणाकडे मागायची? त्याचे नाव माहीत नाही. आणि ज्याला माफ करायचे तो राहिलाच नसेल तर? उधारी फेडता येते. मृताच्या वारसांना रक्कम देता येते. पण त्याची माफी मिळवण्याचा रस्ता तिथेच बंद होतो. म्हणून वाटते, हा हक्क मोडल्यानंतर सांभाळता येत नाही, मोडण्याआधीच सांभाळावा लागतो.

यावर मला तीन उत्तरे मिळाली. घरात, शेजारात आणि माझ्याच मनात.

पहिले उत्तर तक़दीरचे. जे लिहिले आहे ते होणारच. हे उत्तर देणारी माणसे वाईट नसतात. त्यात एक प्रकारचा धीर असतो आणि दुःखात तो लागतो. पण घटना घडण्याआधी हे उत्तर दिले की तो धीर राहत नाही, पळवाट होते. उंटाची हदीस आपल्याला तोंडपाठ आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून करू, असे विचारणाऱ्याला आधी बांधायला सांगितले गेले. इमाम ग़ज़ाली हे तर सूफी वृत्तीचे. त्यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये तवक्कुलवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांचा मुद्दा असा की जी साधने निश्चित परिणाम देतात ती सोडून देणे म्हणजे तवक्कुल नव्हे. समोर अन्न असताना हात पुढे न करता पोट भरण्याची वाट पाहणाऱ्याला ते वेडा ठरवतात. ग़ज़ाली ११११ साली गेले, त्यांनी मोटार पाहिली नव्हती. पण घट्ट सांधा हे कोणत्या वर्गातले साधन आहे, हे ठरवायला त्यांचा कसोटीचा दगड आजही पुरतो.

आपली भाषाही या पळवाटेला मदत करते. आपण म्हणतो, "ब्रेक फेल झाला." उर्दूत म्हणतो, "ब्रेक फ़ेल हो गया." या वाक्यात करणारा कोणी नाही. जणू ब्रेकला स्वतःचे मन आहे आणि त्याने ऐनवेळी दगा दिला. मी मुलांना व्याकरण शिकवताना विचारते, कर्ता कोण? या वाक्याचा कर्ता शोधायला गेलो तर काय सापडते? २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. आधी सगळे म्हणाले, ब्रेक फेल. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले ते असे की डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी ताकदही आटत जाते. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे प्राण गेले, तेव्हाही पहिला शब्द हाच होता. तपासणीत ब्रेक ठीक निघाले आणि चर्चा चालकाला मिळालेल्या अपुऱ्या प्रशिक्षणाकडे वळली. २६ जुलै २०२५ रोजी आमच्याच बाजूला, खोपोलीजवळ, द्रुतगती मार्गाच्या उतारावर ताबा सुटलेला कंटेनर वीसच्या आसपास गाड्यांवर आदळला. ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. प्रत्येक वेळी चालकच दोषी असतो असे मला म्हणायचे नाही. यंत्र खरोखर अचानक मोडू शकते. पण बहुतेक वेळा त्या 'झाला'च्या मागे कोणीतरी काहीतरी केलेले किंवा करायचे टाळलेले असते. कधी चालकाने, कधी मालकाने, कधी मिस्त्रीने, कधी तपासणाऱ्याने. आमच्या अंगणात ते माझ्या भावाने केले होते आणि "लागतोय" म्हणून मी त्यावर शिक्का मारला होता.

दुसरे उत्तर मालकीचे. गाडी माझी, हात माझे, मी का करू नये? या उत्तराचा मी आदर करते. हाताने काम करणाऱ्याला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. हज़रत दाऊद बादशाह असून स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, असे आपण वाचतो. त्यांच्या हातात लोखंड मऊ झाले, ते चिलखते करीत. पण तिथे एक बारीक गोष्ट आहे, ती आपण चटकन ओलांडून जातो. चिलखत करण्याची आज्ञा झाली तेव्हा कड्या मापात जोडण्याची ताकीदही सोबत होती. लोखंड मऊ होणे हा चमत्कार होता. माप मात्र स्वतः घ्यायचे होते. चिलखत दुसऱ्याच्या छातीवर चढणार होते, म्हणूनच ना?

तेव्हा घरी काम करणे हा दोष नव्हे. दोष काम न शिकता करण्यात आहे. एक हदीस आहे, जो वैद्यकी जाणत नसताना वैद्यकी करतो, त्याच्या हातून झालेल्या नुकसानीला तोच ज़ामिन. इथे 'घरी करतो की दवाखान्यात' हा प्रश्नच नाही. 'जाणतो की नाही' एवढाच प्रश्न आहे. गॅरेजमधला तो न शिकलेला पोरगा आणि अंगणातला माझा भाऊ या कसोटीवर सारखेच. उलट पोरावर मी जास्त दोष ठेवणार नाही, त्याच्या हाती ते काम देणाऱ्यावर ठेवीन. कारागिराच्या ताब्यात असताना नष्ट झालेल्या वस्तूची भरपाई कोणी करायची, यावर आपल्या फक़ीहांनी खूप वाद घातला आहे. इमाम अबू हनीफा आणि त्यांचेच दोन शिष्य यांचे यावर एकमत नव्हते. पण ज्या गोष्टीवर इतका वाद झाला, ती गोष्ट त्यांना किरकोळ वाटत नव्हती, एवढे तर कळते.

तिसरे उत्तर गरिबीचे. हे सगळ्यांत अवघड. भाऊ म्हणाला, "आपा, तुझा पगार एक तारखेला येतो. माझा हप्ता पाच तारखेला जातो. मधल्या चार दिवसांत तुझं तत्त्वज्ञान बसतं का बघ." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही.

पण एवढे सांगू शकते. गरिबीमुळे माझ्या भावाचा दोष कमी होतो, समोरच्याचा धोका कमी होत नाही. रस्ता ओलांडणारी बाई गाडीवाल्याचा हप्ता पाहून वाचत नाही. मग उरलेला दोष जातो कुठे? इथे मला फ़र्ज़-ए-किफ़ायाची आठवण होते. काही कर्तव्ये अशी की समाजातल्या काहींनी केली की सर्वांची सुटका, आणि कोणीच केली नाहीत तर सगळेच गुन्हेगार. आपण हा शब्द जनाज़्याच्या नमाजपुरता ठेवला आहे. ग़ज़ालींनी मात्र त्यात वैद्यकी मोजली, हिशेब मोजला, शेती आणि विणकामही मोजले. ज्या धंद्यांवाचून लोकांचे जगणे अडते ते सर्व. आज ते असते तर ब्रेकचा मिस्त्री त्यांनी यादीतून वगळला असता असे मला वाटत नाही.

वस्तीत एक तरी प्रामाणिक, शिकलेला, परवडणारा मिस्त्री नसेल, तर तो दोष गाडीवाल्याचा एकट्याचा नाही. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते गाडीखाली वाकून दिले जाते की टेबलावरून, हा प्रश्न आपण विचारत नसू, तर दोष आपलाही. पहाटे अमुक वाजता माल पोहोचला नाही तर भाडे कापणाऱ्या व्यापाऱ्याचा आहे. आणि ताजी सुरमई सकाळीच हवी म्हणणाऱ्या तुमचा-माझाही आहे. आपल्या मोहल्ल्यांतून किती मुले गॅरेजमध्ये जातात! गाड्यांचे काम हा आपल्या समाजाचा मोठा धंदा. पण त्या मुलाला धंदा शिकवताना कोणी बसवून सांगते का की हा सांधा असा का, तसा का नाही? तो उस्तादाचे हात पाहून शिकतो. उस्तादाला जेवढे येते तेवढेच त्याला येते. आम्ही शिक्षक त्याला आठवीत पास्कल शिकवतो आणि नववीत तो शाळा सोडतो. आकृती वहीत राहते आणि पाना हातात येतो. दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ पाडणे कोणाचे काम होते? माझे. मी ते केले नाही, हे मला त्या पहाटे गाडीखाली वाकल्यावर दिसले.

बी.एड. करत असताना मी पुण्याहून रेल्वेने येत-जात असे. लोणावळा सोडल्यावर घाटात गाडी थांबते. ना स्टेशन, ना सिग्नल. नवखे प्रवासी चुळबूळ करतात. जाणते सांगतात, ब्रेक तपासतात. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला. तेथे बगलेला चढाचे फाटेही बांधलेले आहेत, गाडी आवरली नाही तर तिकडे वळवून थांबवण्यासाठी. तेव्हा मला या थांब्याचा कंटाळा यायचा. आता वाटते, ती चार-पाच मिनिटे म्हणजे खाली राहणाऱ्यांच्या हक्काची आठवण आहे. रेल्वेने ती वेळापत्रकातच धरली. चालकाला वाटले तर थांब, असे ठेवले नाही. त्याच्या मर्जीवर सोडले असते तर उशीर झालेल्या दिवशी तो थांबला नसता. माणूस चांगला असून भागत नाही, थांबण्याची सवय लावून घ्यावी लागते.

तिसऱ्या दिवशी भावाने एका जुन्या मिस्त्रीचाचांना बोलावले. त्यांनी तांब्याचा पाइप काढून हातात धरला, वळणे पाहिली आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." मग खिशातून चष्मा काढून पसरवलेले तोंड भावाला दाखवले. तिथे केसाएवढी चीर होती. त्यांनी पोलादी पाइप आणला होता. तोंड दुहेरी दुमडून दाखवले, मग भावाला म्हणाले, "दुसरं टोक तू कर." त्याने केले. त्यांनी ते कापून टाकले. "पुन्हा." तिसऱ्या वेळी मान हलवली.

हवा काढताना पेडलवर मीच होते. या वेळी चाचांनी मला सांगितले काय जाणवायला हवे ते. पेडल किती खाली जाऊन थांबले पाहिजे, दाबून धरल्यावर ते खाली सरकता कामा नये, स्पंजासारखे लागले तर अजून हवा आहे. अर्ध्या तासाने भावाने विचारले, "आपा, कडक लागतोय का?" मी म्हणाले, "थांब." साठ मोजले. मग म्हणाले, "हो."

काम झाल्यावर भावाने पैसे पुढे केले. चाचांनी घेतले नाहीत. म्हणजे तेव्हा घेतले नाहीत. म्हणाले, "आधी मला शेजारी बसव आणि शेडुंगपर्यंत ने. मी जोडलेल्या ब्रेकवर पहिला मी बसतो. मग पैसे." दोघे गेले. मी दारात उभी राहिले. रस्त्याच्या पलीकडून एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन येत होते. भावाने गाडी थांबवली, त्यांना जाऊ दिले. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ निघून गेले.

तसेच असायला हवे, असे मला वाटले. ज्याचा हक्क आहे त्याला आपला हक्क आहे हे आठवावेही लागू नये.

आता नव्या वर्षापासून पास्कलच्या धड्याला मी भावाला गाडी घेऊन शाळेत यायला सांगणार आहे. तो चीर गेलेला तांब्याचा तुकडा मी कपाटात ठेवला आहे. मुलांच्या हातात तो देईन आणि विचारीन, यात काय चुकले? आणि ते सांगून झाले की दुसरा प्रश्न विचारीन, हा ब्रेक कोणाचा? पहिल्याचे उत्तर पुस्तकात आहे. दुसऱ्याचे त्यांनी आपापल्या रस्त्यावर शोधायचे आहे.